ओढ

तो सापडला तेव्हा ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. भाद्रपदाचे दिवस. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती म्हणून पाणी उतरलेलं. आधीच्या आठवड्यात तिथंच माझ्या कमरेला लागलं असतं. पाच वर्षांचं पोर. चपला काठावर नीट जोडीने काढून ठेवलेल्या. वाहत्या पाण्यात त्याने हाताचे पंजे पसरून धरले होते आणि बोटांच्या फटींतून पाणी जाताना तो पाहत होता. मी हाका मारत, धापा टाकत पोचलो, तरी त्याने वळून पाहिलं नाही. नावाने हाक मारल्यावर त्याचं न वळणं आम्हाला तोवर सवयीचं झालं होतं. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली.

गावच्या घरात गौरी जेवत होत्या. वीस माणसं, एक पंगत उठत होती, दुसरी बसत होती. प्रत्येकाला वाटलं, तो दुसऱ्या कुणाजवळ असेल. परसदाराची कडी त्याने कधी काढली ते कुणाला कळलं नाही. सगळं मिळून सात-आठ मिनिटांचा खेळ. संध्याकाळी आबांनी त्या दाराला माणूसभर उंचीवर दुसरी कडी ठोकली. ठोकताना एक शब्द बोलले नाहीत. रात्री अंगणात बसल्यावर म्हणाले, "पोराला पान्याची वढ हाय. कडी किती दिस पुरंल?"

आबांच्या बोलीत ओढ्याला वढा म्हणतात. वढ आणि वढा. हे दोन शब्द एकमेकांच्या इतके जवळ राहतात, हे मला त्या रात्रीपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

तो तीन वर्षांचा असताना स्वमग्नतेचं निदान झालं होतं. तेव्हापासून आम्ही स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षिका अशा फेऱ्या मारत होतो. पाण्याविषयी आम्हाला कुणी काही बोललं नव्हतं. त्याला पाणी आवडतं एवढं ठाऊक होतं. बादलीत हात घालून तो तासभर बसायचा. नळ उघडा दिसला की थबकायचा. पुण्याला परतल्यावर मी रात्र-रात्र वाचत बसलो. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, चार वर्षांच्या पुढच्या स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनी एकदा तरी घरातून किंवा सुरक्षित जागेतून निसटण्याचा प्रयत्न केला होता. कोलंबिया विद्यापीठातल्या ग्वोहुआ ली आणि जोसेफ ग्वान यांनी १९९९ ते २०१४ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या होत्या. २०१७ साली त्यांनी लिहिलं, की १४ वर्षांपर्यंतच्या स्वमग्न मुलांना बुडून मरण्याचा धोका इतर मुलांच्या १६० पट आहे. आकडा परत परत वाचला. हे आकडे तिकडचे. आपल्याकडे तर ओढ्याला कुंपण नसतं, आणि कितीतरी विहिरींना कठडा नसतो.

त्याच ली यांचं एक सांगणं माझ्या मनात रुतून बसलं. निदान झाल्याबरोबर पालकांनी मुलाला पोहण्याच्या वर्गात घालावं. वाचेचे, वर्तनाचे उपचार सुरू करण्याच्याही आधी. आम्ही दोन वर्षं उशिरा होतो.

*

मला आबांनी विहिरीत शिकवलं. वैशाखात विहिरीचं पाणी खाली जायचं, पण आमची विहीर आटत नसे. कमरेला दोर, पाठीला वाळका भोपळा. आबा वरच्या पायरीवर बसून दोर धरायचे आणि मी खाली हात-पाय मारायचो. नाकातोंडात पाणी जायचं, डोळे लाल व्हायचे. काही दिवसांनी भोपळा गेला, दोर राहिला. पुढे एके दिवशी मी विहिरीला पूर्ण वळसा घालून पायरीला लागलो आणि वर पाहिलं, तर आबांच्या हातात दोराचं नुसतं टोक होतं. बाकीचा दोर माझ्यामागे पाण्यावर सैल तरंगत होता. तो त्यांनी कधी सोडला ते मला सांगितलं नव्हतं. पहिला धडा मात्र त्यांनी अगदी पहिल्या दिवशीच दिला होता: पोहणं मागनं, आधी काठ गाठायला शिक.

माझ्या मुलाला असं विहिरीत सोडता येणार नव्हतं. "हात मार, पाय मार" असं वरून ओरडलेलं त्याच्यापर्यंत पोचलं नसतं. एका तलावावर चौकशी केली. तिथल्या माणसाने मुलाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. "अशा मुलांना आम्ही घेत नाही. काही झालं तर जबाबदारी कुणाची?" २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो, स्वमग्नता त्यांत आहे, आणि खेळांत या मुलांना वाटा मिळावा यासाठी त्या कायद्यात ३० वं कलम आहे. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी खिडकीपाशी उभं राहून कलम वाचून दाखवण्याची ताकद त्या दुपारी माझ्यात नव्हती. मुलाने तलावाचा निळा रंग पाहिला होता आणि तो माझा हात ओढत होता. त्याला उचलून रिक्षात बसवलं, तेव्हा सबंध रस्ताभर तो रडला.

ताई आम्हाला एका ओळखीच्या आईकडून सापडल्या. फिजिओथेरपी शिकलेल्या, लहानपणापासून पोहणाऱ्या. एका शाळेच्या लहान तलावात, शाळा सुटल्यावर, त्या चार मुलांना शिकवायच्या. चार मुलांमागे चार मोठी माणसं पाण्यात. त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्हाला पोहता येतं ना? मग काठावर बसायचं नाही. तुम्हीच उतरायचं."

त्यांच्या वर्गात भोपळा नव्हता, फुगे नव्हते, हातांत घालायच्या हवेच्या बाह्याही नव्हत्या. आधार होता तो फक्त माणसाच्या हाताचा. ही पद्धत लंडनच्या उत्तरेकडच्या साउथगेट भागातल्या हॅलिविक नावाच्या शाळेत जन्मली. ती शाळा अपंग मुलींची होती. १९४९ साली जेम्स मॅकमिलन नावाच्या इंजिनिअरने त्या मुलींना पाण्यात उतरवलं. पाणी कसं उचलतं, शरीर पाण्यात कसं फिरतं, हे त्यांना त्यांच्या शास्त्रातून ठाऊक होतं. त्यातून त्यांनी दहा टप्पे बांधले. पहिला टप्पा मनाचा आहे: पाण्याशी ओळख, श्वासावर ताबा. मग शरीर पाण्यात वळवायचं, उभ्याचं आडवं आणि पालथ्याचं उताणं. हात मारत पुढे सरकणं येतं ते सगळ्यांत शेवटी. एका मुलामागे एक शिक्षक, तोही पाण्यात, त्याचा चेहरा मुलाच्या चेहऱ्याच्या पातळीवर. टप्प्याटप्प्याने त्याने आपला आधार काढून घ्यायचा. ताई हे समजावून सांगत होत्या आणि मला विहिरीत सैल तरंगणारा दोर दिसत होता. मॅकमिलन आणि आबा यांना एकमेकांचं नावही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण शिकवणाऱ्याने कधी आणि किती सोडायचं, हे दोघांनीही पाण्यापाशी बसूनच ओळखलं होतं.

*

पहिला महिना आम्ही काठावर काढला. टोपी डोक्याला आवळते म्हणून तो ओरबाडून काढायचा. मग ती घरी आणली. रोज दोन मिनिटं आरशासमोर टोपी, आणि टोपी काढली की मनुका. तीन आठवडे लागले. शिटीचा आवाज त्याला सहन होत नसे, म्हणून ताईंनी आमच्या वेळेत शिटी बंद केली. त्याच्यासाठी त्यांनी पाच चित्रांची एक पट्टी केली होती, प्लास्टिकमध्ये मढवलेली: शॉवर, टोपी, चष्मा, काठावर बसणं, हात. पाचवं चित्र एका उताण्या तळहाताचं होतं. मुलाने काठावर बसून तळहात पुढे करायचा, खालून मोठ्या माणसाने तो धरायचा, मगच पाण्यात उतरायचं. हा क्रम त्यांनी एकदाही चुकवू दिला नाही. "हात मागितल्याशिवाय पाणी नाही," एवढंच त्या म्हणायच्या. त्याने धसमुसळेपणा केला तर त्याला शांतपणे परत शॉवरपाशी न्यायचं. पहिल्या चित्रापासून पुन्हा.

मला ते तेव्हा फार कडक वाटलं होतं.

पाण्यात उतरल्यावर त्याच्यात काय बदलतं हे मी डोळ्यांनी पाहिलं. ते का बदलतं हे हळूहळू कळत गेलं. जमिनीवर तो कधी स्थिर नसायचा. सोफ्याच्या कडेला अंग रेटायचा, भिंतीला पाठ घासायचा, उशांच्या ढिगाखाली शिरायचा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट सांगायच्या, त्याला आपलं शरीर कुठं संपतं याची खबर पुरेशी मिळत नाही, म्हणून तो ती मिळवत फिरतो. स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकन प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन यांनी तरुणपणी आपल्यासाठी एक यंत्र बनवलं होतं. दोन बाजूंनी मऊ फळ्या, मध्ये माणूस. दाब किती घ्यायचा हे त्याच्याच हातात. जनावरांना लस टोचताना ज्या पिंजऱ्यात धरतात, तो पाहून त्यांना ते सुचलं होतं. माणसाच्या मिठीचा भार त्यांना झेपत नसे. त्या यंत्रातला दाब त्यांना शांत करायचा.

पाणी हेच करतं, तेही एकदम सगळीकडून. छातीभर पाण्यात उभं राहिलं की छातीवर हलका दाब, पोटावर त्याहून थोडा जास्त, पावलांवर सर्वांत जास्त. कुठल्या एका जागी बोचत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं, म्हणून हात हलवला की पाणी त्याला अडवतं, आणि हाताला कळतं, मी हललो. त्याच वेळी वजन उतरतं. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा निम्मा भार पायांवरून जातो. गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम एक दशांश उरतो. पडलो तरी लागत नाही. पडायला वेळ लागतो, म्हणून सावरायलाही वेळ मिळतो. ज्या मुलाचा मेंदू शरीराच्या खबरा उशिरा किंवा तुटक वाचतो, त्याला ही मंद, मोठ्या अक्षरांतली जागा मिळते.

चौथ्या महिन्यात तो पहिल्यांदा उताणा तरंगला. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर, माझा तळहात त्याच्या पाठीखाली. ताई शेजारून आकडे मोजत होत्या. आकडे त्याला आवडतात. कान पाण्याखाली गेले की बाहेरचा सगळा कालवा थांबतो आणि स्वतःचा श्वास ऐकू येतो. त्याच्या कपाळावरची आठी गेली. जन्मल्यापासून त्याने मला कधी इतका वेळ जवळ राहू दिलं नव्हतं. घरी पोटाशी धरलं की तो निसटायचा, आणि आम्ही दोघंही त्या निसटण्याने आतून थोडे दुखावत होतो. इथं त्याचं ओलं डोकं माझ्या खांद्यावर पूर्ण सैल पडलं होतं, आणि त्या डोक्याचं वजन मला लागत होतं. मी हललो नाही. ताईंनी दहापर्यंत मोजलं. मग तो स्वतः म्हणाला, "अकरा."

*

तोंड पाण्यात घालायला त्याला आणखी बरेच महिने लागले. त्या काळात मला मायकल फेल्प्सची गोष्ट धीर द्यायची. तोही लहानपणी तोंड भिजवायला तयार नसे, म्हणून आधी पाठीवर पोहायला शिकला. नवव्या वर्षी त्याला एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, असल्याचं निदान झालं. शाळेत एका जागी न बसणारं ते मूल तलावात तासन् तास रेघेवरून जात-येत राहिलं, आणि पुढे त्याने ऑलिंपिकची २८ पदकं मिळवली, त्यांतली २३ सोन्याची. आमच्या वर्गात एक मुलगी होती, अशीच अतिचंचल. तिची आई सांगायची, घरी ही तीन सूचना सलग पाळत नाही. पाण्यात मात्र तिला क्रम लागायचा: श्वास, तोंड आत, बुडबुडे, मान वळव, श्वास. क्रम चुकला की नाकात पाणी. रागवायला कुणी लागायचं नाही. पाणी लगेच सांगायचं, आणि मनात धरून ठेवायचं नाही.

एका मुलाला मेंदूच्या पक्षाघाताने पाय ताठ होते. हिवाळ्यात त्याची आई चिंतेत असायची, कारण थंड पाण्यात ते स्नायू आणखी आवळतात. अशा मुलांसाठी उपचाराच्या तलावात ३२ ते ३४ अंशांचं कोमट पाणी ठेवतात. आपल्याकडे असे तलाव कितीसे आहेत? आणि गरज किती घरांत आहे? २०१८ साली उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणांच्या मुलांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. २ ते ९ वर्षांच्या सुमारे आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण होती. आठांत एक म्हणजे प्रत्येक चाळीत, प्रत्येक वर्गात, प्रत्येक वाडीवर. हे मूल दुसऱ्या कुणाचं नाही.

अभ्यासही आहेत. तैवानच्या चिएन-यू पान यांनी १६ स्वमग्न मुलग्यांना दहा आठवडे पाण्यात शिकवलं. २०१० साली त्यांनी लिहिलं, की मुलांचं पाण्यातलं कसब वाढलंच, शिवाय इतरांशी वागण्यातही फरक पडला. मुलं थोडी होती, आणि अशा बहुतेक अभ्यासांत ती थोडीच असतात, म्हणून मी कुणाला हमी देत नाही. आमच्या घरात काय घडलं तेवढं सांगतो. पोहण्याच्या दिवशी त्याला लवकर झोप लागू लागली. आठव्या महिन्यात एकदा तो जिन्यावरून एकेक पाय पुढे टाकत उतरला. तोवर प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जोडून थांबायचा. बायको वरून पाहत होती. तिने हाक मारली नाही, श्वास धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून मला खालूनच कळलं, काहीतरी झालंय.

जिया रायबद्दल मला पुष्कळजण विचारतात. मुंबईची ही स्वमग्न मुलगी, नौदलातल्या एका नाविकाची लेक. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली, ८ तास ४० मिनिटांत. जुलै २०२४ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने इंग्लिश खाडी १७ तास २५ मिनिटांत पार केली. तिची बातमी मी कापून ठेवली आहे. मला तिच्यात विक्रमापेक्षा एक गोष्ट मोठी दिसते: कुणीतरी तिच्या ओढीला समुद्राएवढी जागा दिली. माझ्या मुलाने खाडी पोहावी असं मला वाटत नाही. त्याने काठ गाठावा.

तो धडा ताईंनी दुसरं वर्षभर घटवला. पालथं पडलास तर उताणा हो. उताणा झालास की श्वास घे. मग भिंत शोध. त्या त्याला अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरवायच्या, कारण ओढ्यात पडणारं मूल पोहायच्या चड्डीत नसतं. ओल्या सदऱ्याचा स्पर्श त्याला नकोसा व्हायचा, तो किंचाळायचा, मग वळायचा. सत्तरएक वेळा वळल्यावर किंचाळणं थांबलं. भिंतीला हात लागला की तो आकडा सांगायचा.

त्याची स्वमग्नता गेली नाही. जावी म्हणून आम्ही पाण्यात उतरलोही नाही. तो अजूनही पुष्कळ वेळा हाकेला वळत नाही. लग्नाच्या वाजंत्रीत कान दाबून खाली बसतो. पोहता येणारं मूलही बुडू शकतं, हे ताई दर महिन्याला बजावतात. ज्या मुलांना फिट येतात त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि हाताच्या अंतरावर माणूस असल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. आबांची वरची कडी अजून जागेवर आहे. गावी असलो की आम्ही ती रोज लावतो.

*

यंदा गौरींना गावी गेलो. तो सात वर्षांचा झाला आहे. जेवणं झाल्यावर आबा मला म्हणाले, "आन त्याला वढ्याकडं. कडीला भिऊन किती राहायचं?" मी कडी काढली. तो पुढे, मी दोन पावलं मागे, आबा काठी टेकत माझ्यामागे. वाट त्याला पाठ होती. पाणी दिसल्यावर त्याचे पाय झपाझप पडू लागले, आणि मी धावायच्या तयारीत अंग पुढे झोकलं.

काठावर तो थांबला. चपला काढल्या, जोडीने ठेवल्या. डोक्यावर हात फिरवला, तिथं टोपी नव्हती. डोळ्यांपाशी हात नेला, तिथं चष्मा नव्हता. थोडा गोंधळला. मग काठावरच्या सपाट दगडावर बसला, पाय पाण्यात सोडले, आणि मागे न बघता उजवा तळहात उताणा करून हवेत पुढे धरला.

पाणी वाहत होतं, नजर पाण्यावरच होती. हात तसाच धरलेला होता.

मी विजारीनिशी ओढ्यात उतरलो, त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो, आणि खालून त्याचा हात धरला. आबा काठावर काठीवर भार देऊन उभे होते. "हात मागितला की रं त्यानं," एवढंच म्हणाले.